कलम एकशे वीस आणि केतकीचा फ्लॅट

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ताईने नाशिकहून केतकीला तिळाच्या वड्या पाठवल्या होत्या, त्या आज तिला मिळाल्या. पाकीट फोडलेलं. केतकीचं सगळं टपाल गेलं वर्षभर आधी कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे जातं. तो उघडतो, वाचतो, मग तिच्याकडे पाठवतो. देणी फेडता येत नाहीत म्हणून इथे डच कोर्टाच्या आसऱ्याला गेलं की हे सोसावं लागतं. पाकिटावर त्या गृहस्थाने पिवळी चिठ्ठी डकवली होती : 'खाद्यपदार्थ. विक्रीमूल्य नाही.'

विक्रीमूल्य नाही! एकाहत्तर वर्षांची माझी बहीण गुडघ्याला पट्टा बांधून ओट्याशी उभी राहिली असणार, आणि हा...

केतकी फोनवर हसत होती. "बाबा, चिल. ही वॉज बीइंग नाइस. मालमत्तेच्या यादीत लिहिल्या नाहीत त्याने." मला हसू आलं नाही. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीची पत्रं परका माणूस फोडतो आणि तिला त्याची सवय झालीय, याने डोकं जास्त सणकलं.

कोर्टाच्या नजरेखाली जुलैपर्यंत राहायचंय. सहा महिने.

१९ जानेवारी, रविवार

वंदना आणि मी केतकीकडे युट्रेख्टला जाऊन आलो. के. एका खोलीत राहते, स्वयंपाकघर तिघींत एक. वंदनाने लेकीसाठी डबे नेले होते. पोळ्या, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी. डबे हातात घेताना के. म्हणाली, "हे गिफ्टमध्ये धरत नाहीत ना? विचारून घेते." वंदना जिना उतरली. खाली सायकलींच्या रांगेशी येऊन रडली.

दुकान चांगलं होतं पोरीचं. लहान मुलांच्या सायकली महिन्याच्या भाड्याने. मूल वाढलं की ती परत करायची, मोठी घेऊन जायची. पहिल्या वर्षी स्थानिक पेपरात फोटो आला होता. मग एका मोठ्या साखळीने तेच अर्ध्या भाड्यात सुरू केलं. भागीदार मैत्रीण वेळीच बाहेर पडली, कागदांवर सही केतकीची राहिली. जागेचं भाडं, पुरवठादार, कर, सगळं तिच्या अंगावर. मी भरतो म्हटलं होतं. नको म्हणाली. "आय ब्रोक इट, आय फिक्स इट." हा हट्ट कुणाकडून आला ते विचारायला नको.

नियम असा : दीड वर्ष मोजक्या पैशांत राहायचं, उरेल ते सगळं देणेकऱ्यांना जातं, आणि शेवटी कोर्ट म्हणतं, जा, सुटलीस. सगळ्यातून सुटलीस. एक सोडून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ते एक म्हणजे शिक्षणाचं कर्ज.

आज मरेइकेला भेटलो. ती के.ची वकील. चाळिशीची, बोलताना टेबलावर बोटाने रेघा मारते. ही केस तिने जवळजवळ फुकट घेतलीय, कारण तिला कायदाच कोर्टात उभा करायचाय. तिने समजावलं : थकलेलं भाडं सुटतं, फोनची बिलं सुटतात, पैजेत हरलेले उधारीचे पैसेसुद्धा सुटतात. सरकारकडून शिक्षणासाठी घेतलेलं कर्ज सुटत नाही. ते गुन्ह्याच्या दंडाच्या पंगतीला बसवलंय.

जुगारात घालवलेलं माफ, शिकण्यात घालवलेलं नाही. माझ्या डचमध्ये काही चुकतंय का म्हणून दोनदा विचारलं. चुकत नव्हतं.

वर के.ची पिढी. तिच्या आधीच्यांना शिकताना सरकार दरमहा पैसे द्यायचं. तिच्या नंतरच्यांना पुन्हा द्यायला लागलं. मधल्या मुलांना फक्त कर्ज. पेपरवाले त्यांना 'कमनशिबी पिढी' म्हणतात. नशीब कसलं डोंबलाचं? संसदेत मतं मोजून ठरवलेलं आहे ते.

मी म्हटलं, हे घटनेविरुद्ध आहे. पहिल्याच कलमात समानता आहे, मी नागरिकत्वाच्या वेळी पाठ केलं होतं. मरेइके म्हणाली, "अगदी बरोबर. फक्त ते कोर्टात म्हणता येत नाही."

९ फेब्रुवारी, रविवार

कलम १२०. तीन दिवस डोक्यात तेच. संसदेने केलेला कायदा घटनेत बसतो की नाही, हे इथल्या न्यायाधीशाने तपासायचं नाही. आणि हे खुद्द घटनेतच लिहिलंय!

मग ठेवलीय कशाला? शोकेसमधल्या चांदीच्या ताटासारखी, पाहुण्यांना दाखवायला? साऱ्या जगाची भांडणं हेगमध्ये बोलावून सोडवतात. स्वतःच्या पोरीबाळींनी घटना दाखवली की कानावर हात. मंत्री म्हणतात बदलायचा विचार चालू आहे. कधीपासून चालू आहे तो विचार देव जाणे.

केतकीच्या फ्लॅटवर फोन लावला, ताईला. शुभाताईने चौतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. दाजी गेल्यापासून गंगापूर रोडला आमच्या फ्लॅटमध्ये राहते. कागदावर माझं आणि वंदनाचं नाव, पण घरात सगळे केतकीचा फ्लॅटच म्हणतो, दारावर पितळी पाटीही तशीच आहे. ताईचा आधी विश्वासच बसेना.

"अरे सुध्या, मी पोरांना शिकवायचे की हक्क मारला गेला तर थेट वरच्या कोर्टात जाता येतं. तिथल्या माणसाने जायचं कुठे?"

मी सांगितलं, युरोपच्या मानवी हक्कांच्या कराराचं बोट धरून जाता येतं. त्या करारावर कायदा इथल्या कोर्टाला तपासता येतो, स्वतःच्या घटनेवर नाही.

"म्हणजे घरच्या देवाला नवस चालत नाही, शेजाऱ्याच्या देवाला चालतो." ताई.

१८ मार्च, मंगळवार

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत यानने विचारलं, मुलगी कशी आहे. सांगितलं. ब्रेडवर चीज ठेवता ठेवता म्हणाला, "पण सुधीर, कर्ज घेतलं तर फेडायला हवं ना? शिवाय हप्ता पगाराच्या मानाने असतो. अगदीच वाईट नाही."

सरकारही हेच म्हणतं : हप्ता कमाईनुसार आहे, वर्षानुवर्षं भरा, शेवटी उरलं तर सोडून देऊ, मग कर्जमुक्तीत कशाला घ्यायचं? के. तोवर साठीला टेकेल. घरासाठी बँकेत गेली की पहिला प्रश्न तोच. कमाईनुसार म्हणे.

मी म्हटलं, यान, तू शिकलास तेव्हा तुला दरमहा किती मिळायचे? त्याने ब्रेड खाल्ला. तसा माणूस वाईट नाही, मशीनच्या कंपनांवर आम्ही अकरा वर्षं एकत्र काम करतोय. पण दुपारभर मी त्याच्याशी बोललो नाही.

११ मे, रविवार

ताईने मुद्दाम वाचनालयात जाऊन बघितलं. आपल्याकडच्या दिवाळखोरीच्या नव्या कायद्यातही न सुटणाऱ्या देण्यांची यादी आहे. दंड, पोटगी, नुकसानभरपाई आणि विद्यार्थी-कर्ज. मी इकडे तीन महिने डच लोकांच्या नावाने बोटं मोडतोय, आणि आपल्या शहाण्यांनीही तेच करून ठेवलंय! "पण आपल्याकडे निदान घटना दाखवून भांडता येईल," ताई म्हणाली. चौतीस वर्षांची मास्तरकी. हरला तरी आपल्या संघाची बाजू सोडायची नाही.

१५ जुलै, मंगळवार

सुटली! कर्जमुक्तीचा निकाल आला. दुकानाचं सगळं संपलं. टपाल केव्हाच थेट यायला लागलं होतं, आता बँकेचं कार्डही तिचं. के.ने पहिल्यांदा काय विकत घेतलं? घंटी. सायकलची घंटी दीड वर्ष मोडलेली होती.

वंदनाने शिरा केला. मी निकाल शेवटपर्यंत वाचला. खाली एक ओळ आहे : शिक्षणकर्ज यात समाविष्ट नाही. त्या ओळीविरुद्धची सुनावणी ऑक्टोबरात.

३१ ऑगस्ट, रविवार

मंडळाचा गणपती. आरतीनंतर कुलकर्णी भेटला. त्याच्या मुलीला एनस्खेडेला प्रवेश मिळालाय. खांद्यावर हात टाकून म्हणाला, "अहो, तुमची ती झिरो परसेंटची शीट पाठवा ना. सगळे अजून नाव काढतात."

माझी शीट. के. मास्ट्रिख्टला शिकायला गेली तेव्हा शिक्षणकर्जावर व्याज शून्य होतं. आणि नाशिकला मुदतठेवीवर सात-आठ टक्के. इंजिनिअर माणूस, मला राहवलं नाही. एक्सेल शीट बनवली : लागो न लागो, महिन्याला मिळतं तेवढं पूर्ण कर्ज घ्यायचं, खर्चाला लागेल तेवढं ठेवून बाकी नाशिकला. अशाच एका गणपतीत सहा घरांना समजावून सांगितलं होतं. हातात मोदकाची वाटी. टाळ्या पडल्या होत्या अक्षरशः.

कुलकर्ण्याला म्हटलं, शीट हरवली. आणि नसती हरवली तरी दिली नसती. जरा मोठ्यानेच म्हटलं असावं, कारण वंदनाने मागून शर्ट ओढला. आता व्याज शून्य नाही, तेही सांगितलं. तो म्हणाला, "अहो, चिडता कशाला?"

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सरकारी वकिलाचं उत्तर आलं. मरेइकेने आम्हाला प्रत पाठवली. चौदा पानं. नवव्या पानावर : वादीने चार वर्षं दरमहा कमाल कर्ज उचललं. राहणी साधी होती, शिवाय अर्धवेळ नोकरीही होती. मग बाकी रक्कम कशावर खर्च झाली? शिक्षणावर तर नाही. असं कर्ज समाजाने का सोसावं?

मागे के.चं उत्तर जोडलंय. तिच्या सहीचं. 'मी तेव्हा लहान होते. पैसे जपून वापरले नाहीत. प्रवास, कपडे, बाहेर खाणं यांवर गेले.'

प्रवास! शनिवार-रविवारच्या विद्यार्थी-पासवर आइंडहोवनला आमच्याकडे यायची, तो प्रवास. कपडे म्हणजे चार वर्षं दोन स्वेटर. बाहेर खाणं म्हणजे वंदनाने दिलेले डबे रेल्वेच्या बाकावर.

इथे लिहितो. दुसरीकडे कुठे लिहिणार? पैसे माझ्याकडे आले. दर महिन्याच्या पंचवीस तारखेला. ठेवी झाल्या, ठेवी मोडून गंगापूर रोडचा फ्लॅट घेतला. निम्म्याहून जास्त रक्कम तिच्या कर्जाची, बाकी माझी. आठ महिने मी सरकारच्या नावाने शंख करतोय, आणि माझ्या मुलीने सरकारी कागदावर स्वतःला उधळी म्हणून लिहून दिलंय. मला झाकायला.

मला हे आधी सुचलं नव्हतं असं नाही. मार्चमध्ये यान बोलला तेव्हाच शीट आठवली होती. मी त्याचा राग यानवर काढला.

१४ सप्टेंबर, रविवार

युट्रेख्ट. के.शी बोलायचं म्हणून एकटाच गेलो. कालव्याच्या कडेला बसलो, खाली लोक होड्या वल्हवत होते.

विचारलं, असं का लिहिलंस?

"मग काय लिहू? दॅट माय फादर कान्ट सी झिरो परसेंट लाइंग ऑन द टेबल?"

मी म्हटलं, फ्लॅट विकतो. कर्ज फेडून टाक. नको ते कोर्ट.

"आणि आत्या कुठे जाणार?"

बघू काहीतरी, म्हटलं.

मग ती डचमध्ये बोलायला लागली. चिडली की डचमध्येच. म्हणाली, कर्ज फिटलं की केस संपली. मरेइकेकडे अकरा जण माझ्या निकालासाठी थांबलेत. एक नर्स आहे, एक दोन मुलांची आई आहे. "त्यांच्याकडे नाशिकला फ्लॅट नाहीये, बाबा."

तरी मी म्हटलं, पण खोटं...

"खोटं कधीपासून तुझा प्रॉब्लेम झाला? मी अठरा वर्षांची होते. मला काय कळत होतं? तू म्हणालास सही कर, मी केली. मला मास्ट्रिख्टला संध्याकाळी कॅफेत भांडी घासायला लावलीस. म्हणालास, स्वावलंबन शिक. आणि माझं कर्ज तिकडे नाशिकला व्याज खात होतं."

हे शेवटचं सगळं मराठीत म्हणाली. मला इतकं सलग मराठी तिच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. लोक बघत होते. मी उलटून ओरडलो की बापाशी असं बोलायचं नाही. कशाच्या जोरावर ओरडलो, माहीत नाही. ती उठून गेली. घंटी वाजवत.

२२ सप्टेंबर, सोमवार

के.चाच फोन आला : मरेइकेला सांगू या. दोघं गेलो. मी सगळं सांगितलं, शीटपासून पाटीपर्यंत. टेबलावरचं मरेइकेचं बोट थांबलं. मग म्हणाली, खोटं कळल्यावर ती ते कोर्टापुढे राहू देणार नाही, ते निवेदन मागे घ्यायचं. आणि मग एकच प्रश्न विचारला.

"ते पैसे तिने तुम्हाला दिले होते की तुमच्याकडे ठेवायला दिले होते?"

मला फरक कळला नाही. तिने समजावला. दिले असतील तर ते तुमचे झाले, फ्लॅट तुमचा, केतकीने काही लपवलं नाही. ठेवायला दिले असतील तर फ्लॅटचा तो हिस्सा केतकीचा. मग तिने कर्जमुक्ती मागताना स्वतःची मालमत्ता लपवली. जुलैचा निकाल रद्द होऊ शकतो. दुकानाची सगळी देणी पुन्हा अंगावर. आणि त्या अकरा जणांची केस गेलीच.

"जज तुम्हालाही विचारतील. तुम्ही खोलीत असणार. काय सांगायचं ते मी सांगणार नाही. जे होतं ते सांगा."

जे होतं ते!

२३ सप्टेंबर, मंगळवार

ऑफिसात लक्ष नाही. नॅनोमीटरमध्ये चूक पकडतो मी, त्याचा पगार घेतो.

आमच्यात मुलीला कुणी पावती देतं का? 'हे दान आहे, ही ठेव आहे' असं कोण लिहून ठेवतं? मी तिला शंभर वेळा म्हटलंय, सगळं तुझंच आहे. अठराव्या वाढदिवसाला म्हटलं. वास्तुशांतीला भटजींसमोर म्हटलं. प्रत्येक मराठी बाप म्हणतो. आणि ते तिचं कधी होतं? बाप गेल्यावर. तोवर किल्ल्या बापाच्या खिशात.

कायद्याला हे चिमटीत पकडता येत नाही म्हणून कायद्यावर चिडलो. मग कळलं की मलाच पकडता येत नाहीये.

२४ सप्टेंबर, बुधवार

वंदना म्हणते, "सांगून टाका ना, तिने आपल्याला दिले. पोरगी सुटेल. कागदावर फ्लॅट आपलाच आहे."

"आणि तिचं कर्ज?"

ती पालक निवडत होती. एक देठ खुडून म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं, पोरीच्या नावाने उद्योग नकोत. तुम्ही शीट दाखवलीत."

खरं आहे. म्हटलं होतं तिने.

२८ सप्टेंबर, रविवार

ताईला सांगितलं. सगळं, फ्लॅटच्या पैशांसकट.

"म्हणजे मी त्या पोरीच्या कर्जात राहतेय."

"ताई, तसं नाही."

"मग कसं आहे ते सांग. नीट सांग. वर्गात पोरगं असं पुटपुटलं असतं तर बाकावर उभं केलं असतं."

मी सरकारबद्दल बोलायला लागलो, कलम १२०. तिने मधेच तोडलं. "त्या कलमाचं काय ते बघ, ते चूकच आहे. पण सुध्या, तूसुद्धा तेच केलंस ना? घरातला कायदा तू केलास आणि तपासायला कुणाला ठेवलं नाहीस."

मग म्हणाली, मी माझी सोय बघते, कोर्टात माझं नाव पुढे करू नकोस. म्हातारी बहीण रस्त्यावर येईल, असलं काही बोलायचं नाही. शपथ घातली.

मी ताईवरही चिडलो. फोन ठेवल्यावर.

५ ऑक्टोबर, रविवार

शीट हरवली नव्हती. उघडली. पहिला टॅब 'केतकी झिरो परसेंट'. दुसरा 'ठेवी'. तिसरा फ्लॅटचा. त्याला काय नाव दिलं होतं ते विसरलो होतो. 'आमची निवृत्ती'.

तारीख बघितली. पितळी पाटी करून घेण्याच्या आधीची.

म्हणजे शीट कोर्टात दिली तर के. सुटते. पैसे माझे होते, मी माझ्या म्हातारपणासाठी मुलीला कर्ज काढायला लावलं, हे माझ्याच हाताने लिहिलेलं आहे. कायद्याने गुन्हा नाही. फक्त तिला ते त्या खोलीत सगळ्यांसमोर ऐकावं लागेल. आणि पाटीचं सांगितलं तर मी प्रेमळ बाप, आणि तिची दीड वर्षं पाण्यात.

पण टॅबचं नाव खरं की पाटी खरी? पाटी लावली तेव्हा मी खोटं वागत नव्हतो. स्टुलावर चढून स्वतः स्क्रू पिळले होते, डोळ्यांत पाणी होतं. टॅबचं नाव लिहिलं तेव्हाही खोटं वागत नव्हतो. राग येतो तो याचा. दोन्ही वेळा मी अगदी मनापासून...

७ ऑक्टोबर, मंगळवार

ताईचा फोन. आवाज नेहमीचा, म्हणजे कडक. वंदनाने तिला परस्पर फोन करून सांगितलं, दारावरची पाटी काढून टाका. "मी काढणार नाही," ताई म्हणाली. "तू लावलीस, तू सांग. सांगितलंस तर काढेन."

सुनावणी परवा. मरेइकेचा युक्तिवाद वाचला. उत्तम आहे. शिकलेल्या माणसाला जुगाऱ्यापेक्षा खाली का बसवता, मधल्या पिढीनेच का भरायचं, करारातला समानतेचा हक्क. घटनेचं नाव एकदाही नाही. प्रत्येक पान वाचताना वाटलं, बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर आहे. हे जिंकायलाच हवं. त्या अकरा जणांसाठी तरी.

वंदनाला पाटीबद्दल काही बोललो नाही. ती मुलीला वाचवत होती. मी कुणाला वाचवतोय?

९ ऑक्टोबर, गुरुवार

कोर्टाबाहेरचं बाकडं. कॉफी मशीनजवळ. सव्वा दहाला आमचं आहे, आत दुसरं प्रकरण लांबलंय. वही आणली ते बरं झालं, हातांना काम.

सरकारी वकील समोर उभा आहे. तरुण आहे, के.च्याच वयाचा. ह्यानेही कर्ज काढूनच शिक्षण घेतलं असेल. त्याने मान हलवून नमस्कार केला. मला वाटलं होतं त्याला बघून राग येईल. आला नाही.

मरेइके म्हणाली, जुनं निवेदन मागे घेतल्याचं तिने कोर्टाला कळवलंय, तेव्हा पैशांचं पहिल्याच पाच मिनिटांत विचारतील.

पिशवीत शीटची छापील प्रत आहे. 'आमची निवृत्ती' लिहिलेलं शेवटचं पान वर ठेवलंय.

के. शेजारी येऊन बसली. कालव्यावरच्या भांडणानंतर अशी जवळ आज पहिल्यांदा. माझा मफलर सरळ केला. म्हणाली, "बाबा, मला एक सांग. कोर्टासाठी नाही. मला. तो फ्लॅट माझा होता?"

मी म्हटलं, थांब, सांगतो.

पिशवीतून शीट काढत होतो तेवढ्यात फोन वाजला. ताईचा मेसेज. 'पावणेदोन वाजले इथे. पाटी दारावर आहे. काय करू?' के.ने माझ्या खांद्यावरून वाचला. मराठी हळूहळू वाचते ती, पण हे वाचलं. मग माझ्या हातातल्या कागदाकडे हात पुढे केला.

तिला आधी दाखवायचा, की आधी आत जाऊन

आमचं नाव पुकारलंय.